शेडमागची काळी फळं

मेलबर्न,
सोमवार, २० फेब्रुवारी १९८४

प्रिय गारूफालियाताई,

तुझ्या धाकट्या बहिणीचे, आसिमिनाचे, तुझ्या दोन्ही गालांना मुके आणि उजव्या हाताला नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? शेळ्या कशा आहेत? ती एका शिंगाची अजून लाथा मारते का? तुमच्याकडे ग्रीसमध्ये बर्फ पडलं असेल. इथे उन्हानं डांबर पायाला चिकटतंय. मी अगदी ठणठणीत आहे. हे वाक्य नीट लक्षात ठेव, कारण पुढे मी चार दिवस इस्पितळात होते असं येणार आहे आणि तिथे तू उगाच छाती बडवत बसशील.

(पाद्रीणबाई, हे पत्र तुम्हीच ताईला वाचून दाखवत असाल, तर तुम्हालाही नमस्कार. पाद्रीबाबांची बद्धकोष्ठता आता बरी असावी. ताईला चष्मा आहे, तो ती साखरेच्या डब्यामागे ठेवते, पण तुम्ही घरी यावं म्हणून सापडत नाही असं सांगते. तिला रागावू नका. एकटीच्या घरात कुणाचा तरी आवाज लागतो.)

तर ताई, तुझ्या कानावर आलंच असेल की आसिमिनानं सख्ख्या नातीला विष घातलं. आपल्या गावची निम्मी माणसं इथे राहतात आणि उरलेली निम्मी त्यांच्या फोनची वाट बघत तिथे राहतात, त्यामुळे बातमी माझ्याआधी तुझ्याकडे पोचली असणार. म्हणून जे घडलं ते पहिल्यापासून सांगते. मध्ये मध्ये भरकटेन, ते चालवून घे. इथे माझं बोलणं शेवटपर्यंत ऐकणारं कुणी नाही, तेव्हा कागदावर मी कुणाचं ऐकणार नाही.

सगळं भांडण स्तिफ्नोवरून झालं. हो, आपलंच ते स्तिफ्नो; आई ओढ्याकाठून ओच्यातून भरून आणायची आणि उकडून वर तेल-लिंबू घालायची ते. अठ्ठावीस वर्षांपूर्वी मी जहाजातून इथे उतरले तेव्हा मला या देशातलं काहीही ओळखू येत नव्हतं. झाडं भलतीच, पक्षी माणसासारखे हसणारे, पाव कापसासारखा. पहिल्याच आठवड्यात भाड्याच्या घराच्या मागे, पत्र्याच्या शेडजवळ, लघवीच्या वासात, ते उभं होतं. तीच टोमॅटोसारखी पानं, तीच पांढरी चिमुकली फुलं, तेच वाटाण्याएवढ्या फळांचे घोस. मी तिथेच फतकल मारून रडले. माझे झाखारियास मागून आले आणि म्हणाले, "चला, बंदरावरून आल्यापासून पहिल्यांदा कुणीतरी ओळखीचं भेटलं म्हणायचं!" पुढे आम्ही हे घर घेतलं, तर ते इथेही शेडमागे आपलं आपण हजर. इथले लोक त्याला तण म्हणतात. मलाही सुरुवातीला ते फारसं बरं काही म्हणत नव्हते.

झाखारियास जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून मी स्तिफ्नो लहान पातेल्यात करते, तरी ते तीन दिवस पुरतं. मोठं पातेलं फक्त रविवारी निघतं. रविवारी माझा मुलगा थ्रासिवुलोस (त्याला इथे सगळे टेरी म्हणतात, बारशाला पाद्रीबाबांनी एवढं तेल ओतलं ते टेरीसाठी नव्हे, पण जाऊ दे), त्याची बायको जेनिस आणि पाच वर्षांची मिना, अशी तिघं जेवायला येतात. मिना म्हणजे माझंच नाव, रिवाजाप्रमाणे आजीचं, फक्त डोकं कापलेलं. माझा रविवार गुरुवारी सुरू होतो. गुरुवारी मटण, शुक्रवारी भाजी, शनिवारी पीठ. तो संपतो रविवारी पाच वाजता, गाडीचे दिवे कोपऱ्यावरून वळले की. सोमवार ते बुधवार मी काय करते ते विचारू नकोस, कारण मलाही सांगता येत नाही.

जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी आम्ही कॉफी पीत बसलो होतो. मिना परसात खेळत होती. आत आली ती ओठ, हनुवटी, दात सगळं काळंजांभळं करून, आणि हसत. जेनिस अशी किंचाळली की माझी लग्नातली काच तडकली असेल असं वाटून मी आधी कपाटाकडे पाहिलं. (हे ती अजून विसरलेली नाही.) मी म्हटलं, "फळं काळी होती ना गं? मग काय झालं! आम्ही लहानपणी खात होतो की." आपण खायचो, ताई, आईच्या पाठीमागे, आठवतं ना? पण माझं इंग्रजी घाईत पांगतं. जेनिसला एवढंच कळलं की म्हातारीला ठाऊक होतं.

तेवढ्यात कुंपणावरून विल्फचं डोकं वर आलं. विल्फ म्हणजे माझा शेजारी, विधुर, लढाईत स्वयंपाकी होता, म्हणून त्याला वैद्यकातलं सगळं समजतं. एकोणीस वर्षं तो माझे टोमॅटो खातोय आणि एकोणीस वर्षं माझ्याशी बहिऱ्याशी बोलावं तसा ओरडून बोलतोय. तो ओरडला, "अहो बाई, ते मरणाचं झाड आहे! माझ्या पुस्तकात चित्र आहे! दोन फळांत माणूस गार!" झालं. थ्रासिवुलोसनं पोरीला उचललं, जेनिस किल्ल्या शोधत रडू लागली, आणि मी तेलाची वाटी नि पाण्याचा पेला आणायला धावले, कारण नजर लागली असेल तर ती आधी उतरवली पाहिजे, डॉक्टर काय नंतरही भेटतो. पाण्यात तेलाचा थेंब पडून फुटला आणि विरला, म्हणजे नजर लागली होतीच, मग मी पोरीवर तीनदा थुंकले. जेनिसनं ते पाहिलं. आपण थुंकतो ते वाईट पळून जावं म्हणून, हे तिला सहा वर्षांत कुणी समजावलेलं नाही, आणि तो दिवस समजावण्याचा नव्हता.

"आई, तू डोक्यावर पडलीयस का? गाडीत बस!" माझा मुलगा माझ्यावर ओरडला. आयुष्यात पहिल्यांदा. आणि इथे, ताई, मी ते केलं. मला वाटलं, यांना शब्दानं पटत नाही तर डोळ्यांनी पटू दे. मी शेडमागे गेले, दोन्ही हातांनी घोसच्या घोस ओरबाडले आणि सगळ्यांदेखत तोंडात कोंबले. म्हटलं, "बघा! मेले का? मेले का मी?" विल्फनं टोपी काढली. मी चावत राहिले. कडू लागलं, पण मी अशी चिडले होते की कडू आहे की गोड हे बघायला सवड नव्हती.

पोर गाडीत मागच्या सीटवर गाणी म्हणत होती. इस्पितळाच्या दारात पोचेपर्यंत मी दुमडले होते. पोटात कुणीतरी कपडे पिळतंय असं वाटत होतं. डॉक्टरनं पोरीचं पोट दाबलं, जीभ पाहिली आणि तिला बिस्कीट दिलं. मला खाटेवर घातलं.

माझ्यासाठी दुभाषी म्हणून त्यांनी फरशी पुसणाऱ्या बाईला बोलावलं, दिआमांतो तिचं नाव, आपल्याच देशातली, कालामाताकडची. ती फडकं हातात घेऊनच उभी राहिली. थ्रासिवुलोसनं घाईत एक डहाळी खिशात घालून आणली होती, ती डॉक्टरनं दिव्याखाली धरली आणि बराच वेळ बोलला. दिआमांतो म्हणाली, "डॉक्टर म्हणतो की मरणाचं झाड ते नव्हेच. त्याचं फळ मोठं, चकचकीत, एकेकटं लागतं, घोसात नाही, आणि या बाजूला ते बहुधा दिसतही नाही. हे आपलं स्तिफ्नो. पानं उकडून खा, पाणी ओतून द्या. काळीभोर पिकलेली मूठभर पोरानं खाल्ली तर बिघडत नाही. पण हिरवी खाऊ नयेत, हिरव्यांत विष असतं. तुम्ही मुख्यतः हिरवी खाल्लीत. आणि डॉक्टर म्हणतो की तुम्ही हट्टी आहात." मी विचारलं, हे शेवटचं तो खरंच म्हणाला का? ती म्हणाली, "नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर होतं."

वयामुळे मला चार दिवस ठेवून घेतलं. जेवण म्हणशील तर पांढऱ्या रंगाचं. पण थ्रासिवुलोस रोज संध्याकाळी कामावरून थेट येत होता आणि पलंगाच्या कडेला बसून बुटाच्या नाड्या सैल करत होता, त्याचा बाप करायचा तसा. मिनानं चित्र काढलं. त्यात मी हिरवी आहे. विल्फ दोनदा आला आणि दोन्ही वेळा सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असं म्हणाला, "चूक माझ्या पुस्तकाची!" आणि तिसऱ्या दिवशी जेनिस दुपारी एकटीच आली, द्राक्षं घेऊन. मग तिनं पर्समधून कंगवा काढला आणि माझे केस विंचरले. हळू, गुंता सोडवत. तीन वर्षांत माझ्या डोक्याला माझ्याखेरीज कुणाचा हात लागला नव्हता. मी भिंतीकडे तोंड करून पडले, कारण मला रडू येत होतं आणि पोटात दुखतंय म्हणून रडते असं वाटून तिनं नर्सला बोलावलं असतं.

तू म्हणशील, मग भांडण कुठे आलं? ते पुढच्या रविवारी आलं. जेनिस विल्फचं पुस्तक मागून घेऊन जेवायला आली. त्यात लिहिलंय म्हणे की टोमॅटो, बटाटा, वांगं, ढोबळी मिरची, तंबाखू, हे सगळं त्या मरणाच्या झाडाच्या एकाच घराण्यातलं. टोमॅटोचा पाला विषारी, बटाटा हिरवा पडला की विषारी. मी म्हटलं, अगं, पाला खातं कोण? आणि हिरवा बटाटा मी तुला कधी वाढलाय? घराण्यात एखादा वाईट निघाला म्हणून सगळ्यांना वाळीत टाकायचं, तर आपल्या घराण्यातून नाव घेण्यासारखा कोण उरेल? (आपले काका आठव.) पण तिनं माझ्या मुसाक्याच्या ताटलीतून वांगं बाजूला केलं, मग बटाटा बाजूला केला, मग टोमॅटोचा रस निथळला. उरला कांदा. तो तिनं चवीनं खाल्ला, हे मी मान्य करते.

मग ती म्हणाली, "टोमॅटो राहू देत. वांगीही राहू देत. पण शेडमागचं ते झाड गेलं पाहिजे. पिकलं कुठलं नि कच्चं कुठलं हे मिनाला पाच वर्षांची असताना कसं कळेल? तुम्हालासुद्धा कळलं नाही. ते असेपर्यंत मी तिला इथे आणणार नाही." तिचं म्हणणं चूक नव्हतं, ताई, आणि म्हणूनच मला जास्त झोंबलं. मी म्हटलं, "या देशात ते तुझ्याआधीपासून माझ्या ओळखीचं आहे." हे वाक्य मात्र इंग्रजीत एकदम स्वच्छ आलं. थ्रासिवुलोस म्हणाला, "आई, जरा समजून घे ना." मी घेतलं नाही. कॉफी न पिता ते निघून गेले.

त्याला पाच रविवार झाले. मी मुळीच खचलेली नाही. फोन केला की थ्रासिवुलोस म्हणतो, "बघू आई, पुढच्या आठवड्यात." मी म्हणते, बघ. मला कुठे वेळ आहे? टोमॅटो एवढे आलेत की बाथटबमध्ये ठेवलेत. झाखारियास होते तेव्हा टोमॅटोच्या रसाच्या बाटल्या भरायला आम्ही पाच माणसं असायचो: एक चिरणार, एक दळणार, एक झाकणं ठोकणार, झाखारियास विस्तवाशी आणि रांगती मिना मध्ये मध्ये. यंदा मीच चिरते, मीच दळते आणि मीच माझ्यावर ओरडते. विल्फनं पुस्तक वाचल्यापासून दहा दिवस माझा एकही टोमॅटो खाल्ला नाही, अकराव्या दिवशी कुंपणावरून ताटली पुढे करून म्हणाला, "मेलो तर मेलो, बाई, पण पावात काहीतरी घालायला हवं." आता तो झाकणं ठोकतो. वाकडी ठोकतो, पण मी बोलत नाही.

आणि स्तिफ्नो तिथेच आहे. मी ते काढणार नाही. मी या जागी आले तेव्हा कुणी माझं नाव धड उच्चारत नव्हतं, तेव्हा ते होतं. मी कुणासमोर वाकणार नाही. कुणी येवो न येवो, मला काही फरक पडत नाही, असं तू गावात सगळ्यांना खुशाल सांग.

आता पुरे करते; टबातले टोमॅटो वास मारायला लागलेत. तुझा गुडघा जपून वापर. शेळ्यांना माझा आशीर्वाद आणि आईबाबांच्या थडग्यावर माझ्या नावानं एक दिवा लाव.

तुझी,
आसिमिना

ता. क. पाद्रीणबाई, तुम्ही इथे थांबा. कॉफी प्या आणि घरी जा. ताई, तू साखरेच्या डब्यामागून चष्मा काढ आणि पुढचं स्वतः वाच.

वर लिहिलं त्यातलं फरक न पडण्याचं खोटं आहे. मी अजून दर रविवारी चार ताटं मांडते आणि पाच वाजता तीन उचलते. झाडावर हिरवी फळं पुष्कळ आहेत. तुला झाडपाल्यातलं कळतं. माणसाला काय सोसतं, शेळीला काय सोसतं, हे सगळा गाव तुला विचारतो. तर मला एवढंच सांग: माणूस मरणार तर नाही, पण इस्पितळात चार दिवस ठेवून घेतील, अशी किती खावी लागतात? मागच्या वेळी मी रागात होते, मोजली नाहीत. मला मरायचं नाही गं, माझे टोमॅटो पडलेत. फक्त ते चार दिवस हवेत. दोनसुद्धा चालतील.

ता. क. दुसरा, सोमवार, ५ मार्च. पत्र अजून माझ्या खोलीतल्या टेबलावरच आहे. तिकीट चिकटवलं, दोनदा टपालपेटीपर्यंत गेले आणि दोनदा परत आले. दोन्ही वेळा तुझा चेहरा आठवला. लहानपणी मी विहिरीत डोकावले होते तेव्हा तू मला मारलं होतंस, तो.

परवा शनिवारी मी कुदळ घेतली आणि स्तिफ्नो मुळासकट उपटलं. विल्फनं पोतं धरलं आणि पुन्हा टोपी काढली. हात धुऊन मी जेनिसला फोन केला. म्हटलं, काढलं. ती म्हणाली, "उद्या येतो."

काल आले. उपास सुरू व्हायच्या आधीचा शेवटचा रविवार, म्हणून मी चीज घालून शेवया भाजल्या होत्या. टोमॅटो नाही, बटाटा नाही, वांगं नाही. कुणाच्या घराण्याचा संबंध नको. जेनिसनं टेबलावर नजर फिरवून विचारलं, "टोमॅटो कुठेत?" मी बाथटब दाखवला. सगळे हसले. मला वाटलं, सुटले.

मग मिनानं काटा खाली ठेवला आणि मला विचारलं, "आजी, तू परत आजारी कधी पडणार?" थ्रासिवुलोस म्हणाला, "असं विचारू नये, बाळा." ती म्हणाली, "पण आजी आजारी होती तेव्हा आपण रोज यायचो."

ताई, माझा मुलगा ताटलीत बघत राहिला. माझ्या कानात एवढा आवाज येत होता की मला वाटलं, माझ्या खोलीतल्या पत्रातला तो प्रश्न सगळ्यांना ऐकू जातोय. जेनिस उठली. मला वाटलं, गेली पर्स आणायला. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली आणि तिनं माझा सुटलेला केस कानामागे सारला. मग परत जागेवर बसून, शेवया वाढून घेता घेता म्हणाली, "बुधवारी शाळा सुटल्यावर मिनाला कुठे ठेवावं, मोठा प्रश्न आहे. तुम्हाला जमेल का?" मी म्हटलं, बघावं लागेल, मला वेळ कुठे असतो. आणि मग मी एवढी रडले की मिनानं आपला रुमाल दिला. तो चीजनं माखला होता.

तर बुधवारी ती येणार. झाकणं ठोकायला तिला शिकवणार आहे, विल्फपेक्षा सरळ ठोकेल. तिला ग्रीसची तिकिटं जमवायची आहेत, पाकिटावर निरनिराळी लाव. नळापाशी आज सकाळी स्तिफ्नोची दोन पानं वर आलेली आहेत. मी ती अजून पाहिलेली नाहीत.

वरचा तो प्रश्न खोडणार होते, पण कागद पातळ आहे, फाटेल. म्हणून राहू दिला. त्याचं उत्तर पाठवू नकोस, ताई. पत्राचं मात्र पाठव.